मिस अर्लीनचा गडी

राळकाका कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्याने हात पुढे केला की ते आपले दोन्ही हात छातीशी जोडून मान लववत. त्यांच्या कारखान्यातल्या गोऱ्या सहकाऱ्यांना वाटे, ही भारताची थोर परंपरा. मग तेही हात जोडत, डोळे मिटत, एकजण तर पाय जुळवून उभा राही. खरं कारण एवढंच होतं की काकांच्या तळव्यांना सदैव पाइनची राळ लागलेली असे आणि तिच्यात अडकलेला हात लवकर सुटत नसे. "एकदा काउंटीच्या कमिशनरचा हात धरला होता," काका सांगत. "दोघांनाही वाटलं, समोरचा फारच प्रेमात आलाय. सोडतच नाही."

जॉर्जियाच्या दक्षिणेला, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनच्या सरळसोट झाडांशिवाय काही दिसत नाही, तिथल्या एका लहान गावात ते राहत. झाडांची राळ उकळून तिच्यातून टर्पेंटाइन आणि रोझिन, म्हणजे तेल उडाल्यावर उरणारी घट्ट राळ, वेगळं काढणाऱ्या कारखान्यात ते केमिस्ट होते. रंगापासून साबणापर्यंत आणि व्हायोलिनच्या गजापर्यंत कुठे कुठे ही राळ लागते, हे ते कुणालाही, न विचारता, सांगत. गावापासून तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत मी मास्टर्स करायला गेले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. नागपूरला आमच्या घरात छपाईचं जुनं मशीन होतं. वडील त्यावर चळवळीची पत्रकं छापत, आणि वाया गेलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. अमेरिकेला जाताना लोणच्याच्या बरणीशेजारी मी त्यातलाच एक गठ्ठा ठेवला होता. वडिलांच्या ओळखीने विमानतळावर घ्यायला आलेल्या काकांनी माझी सुटकेस उचलली आणि ते थबकले.

"यात काय, दगड आणलेस?"

"पत्रकं आहेत, काका."

"जय भीम!" काका म्हणाले आणि हसत सुटले. "इथे वाटणार कुणाला? खारींना?"

त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रक' पडलं. शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले की दारातच प्रश्न येई, "काय गं पत्रक, आज कुणाचा निषेध?"

जेवायच्या आधी काकांचा एक विधी असे. मोरीपाशी उभं राहून ते तळव्यावर शेंगदाण्याचं तेल ओतत आणि हात चोळत बसत. राळ पाण्याला दाद देत नाही, साबणालाही देत नाही, ती तेलात विरघळते. तेल काळपट झालं की मग साबण, मग पुन्हा तेल. तोवर वरण निवलेलं असे. काकू म्हणत, "पिकवतात शेंगदाणे इथले लोक, आणि निम्मं तेल हेच संपवतात. ड्रायरमधून यांचा शर्ट काढला की माझे दोन ब्लाउज त्याला चिकटून बाहेर येतात. कोणाला काय वाटेल यार!" काकूंचं ते 'यार' त्यांच्या मुलाकडून आलेलं होतं. तो न्यू जर्सीला वेस्ट विंडसरमध्ये नोकरीला होता, आणि "आई, तुम्ही दोघं इकडे शिफ्ट व्हा" हे त्याचं दर रविवारचं फोनवरचं वाक्य.

झाडांबद्दल कुणी हळवं बोललेलं काकांना खपत नसे. मी एकदा जंगलात राळेचा थेंब बघून म्हटलं, "झाड रडतंय जणू." काका थांबले. "रडत नाहीये. झाड जखम बांधतंय. साल कापली गेली की आत किडा शिरू नये, बुरशी चढू नये म्हणून ते स्वतःवर पट्टी बांधतं. आपण ती पट्टी चोरतो. चोरायला हरकत नाही, पण चोरताना अश्रूबिश्रू म्हणू नये."

त्याच दिवशी त्यांनी मला जुनी झाडं दाखवली. खोडावर माणसाच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत साल नव्हती, आणि उघड्या लाकडावर तिरप्या खाचा एकीवर एक, मांजराच्या मिशांसारख्या. खाली गंजलेली पत्र्याची पन्हळ लोंबत होती, कधीकाळी तिच्याखाली वाडगा टांगलेला असे. या खाचा पाडणारे हात काळ्या माणसांचे. गुलामी कायद्याने संपल्यावरही जंगलातल्या छावण्यांमध्ये ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या अडकून होती. मालकाची झोपडी, मालकाचंच दुकान, तिथली कधी न फिटणारी उधारी, आणि घोड्यावरून देखरेख करणारा मालकाचाच मुकादम. पळून जाणाऱ्याला शेरीफ पकडून परत आणी. उन्हात चिलटं आणि साप, अंगावर राळ, आणि खाचांवर मारायच्या आम्लाने भाजलेली कातडी. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात पत्रकाचा मथळा जुळवत होते. काका मात्र खोडावरून हात फिरवत म्हणाले, "पुढची पिढी शिकली, शहरात गेली, आणि धंदा बसला. बरंच झालं म्हणा." आणि मग हळूच, "पण काय धंदा होता!"

त्यांच्या या 'पण'मध्ये त्यांचं सगळं स्वप्न होतं. चीन आणि ब्राझीलहून स्वस्त राळ येऊ लागली होती, कागदाच्या गिरण्यांतून उरलेल्या रसातूनही तेच पदार्थ मिळत होते. जॉर्जियाच्या जंगलातून राळ आणणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि तेही म्हातारे. काकांचं म्हणणं, जुनी पद्धत मेली ते ठीक, नवी पद्धत आणू. खाचा पाडायच्याच नाहीत. ड्रिलने खोडाच्या बुंध्याशी एक बारीक भोक पाडायचं, नळी बसवायची, तिला बंद बाटली जोडायची. झाडाला इजा कमी, राळ स्वच्छ, माणसाच्या अंगावर आम्ल नाही. ही युक्ती काही एकट्या काकांची नव्हती, पण तिच्यातल्या नळीचा कोन कसा असावा यावर त्यांनी वर्षं घालवली होती. घराच्या मागच्या अंगणातल्या प्रत्येक झाडाच्या पायाशी एक बाटली होती. काकू कपडे वाळत घालताना त्या ओलांडून जात.

मग कारखान्याच्या मालकांनी काकांना शेवटचं सांगितलं. या मोसमात स्थानिक राळ आली तर विभाग चालू ठेवू, नाहीतर बंद. एका गोऱ्या जमीनदाराने प्रयोगाला जंगल दिलं. ड्रिल होतं, बाटल्या होत्या. नव्हती फक्त माणसं. जाहिरात दिली तर कुणी फिरकलं नाही. तेव्हा काकांना वाटलं, ज्यांच्या बापजाद्यांनी हे काम केलं, त्यांच्या हाताला झाड कळतं. त्यांनी काळ्या वस्तीतल्या चर्चच्या पास्टरना फोन केला. पास्टर म्हणाले, या रविवारी, प्रार्थनेनंतर सगळे जेवायला थांबतात, तेव्हा बोला.

इथे मला काकांची एक गोष्ट सांगावी लागेल. ती त्यांची नव्हे, त्यांच्या वडिलांची. दर एप्रिलला आम्ही अटलांटात हॉल घेऊन जयंती साजरी करायचो. इंजिनियर, डॉक्टर, स्टुडंट, त्यांची इंग्रजीत उत्तरं देणारी मुलं, असा सगळा गोतावळा जमे आणि शेवटी काकांना बोलायला उभं करत. परभणीकडचं त्यांचं गाव. गावात कुणाचंही जनावर मेलं की ओढून न्यायचं, सुरीने सोलायचं, ते काम महारवाड्याचं. एका वर्षी महारवाड्याने ठरवलं, बस्स. त्यानंतर पाटलाचा बैल मेला. निरोप आला, कुणी हललं नाही. बैल दारात फुगला. पाटील स्वतः नाकाला उपरणं लावून वेशीपर्यंत आला आणि ओरडला, तेव्हा काकांचे वडील उंबऱ्यावर बसूनच म्हणाले, "ढोर तुमचं, तर वासबी तुमचाच!"

या वाक्याला हॉल दणाणून जाई. मराठी न कळणारी पोरंसुद्धा टाळ्या वाजवत. काका थांबत, घोटभर पाणी पीत आणि मग हळू आवाजात पुढचं वाक्य टाकत, "त्या दिवसानंतर आमच्या घरातल्या कुणी त्या सुरीला हात लावला नाही."

रविवारी मी काकांबरोबर गेले. ड्रिलची पेटी मीच उचलली होती. रस्त्यात काका इस्त्रीच्या शर्टात, ताठ बसून, बोलायचं मनाशी घोकत होते. माझ्या डोक्यात एवढी पत्रकं होती, पण आपण कुठे आणि कशाला चाललोय, याचा विचार त्यांतल्या एकानेही मला सुचवला नाही. एका काळ्या चर्चमध्ये जायचं, म्हणजे आपल्याच माणसांत जायचं, या आनंदात मी होते.

जेवणाच्या हॉलमध्ये लांब टेबलं, तळलेल्या चिकनचा वास, आणि बायकांच्या डोक्यावर एकीपेक्षा एक सुंदर टोप्या. पास्टरनी काकांची, त्यांच्या पीएच.डी.मुळे, 'डॉक्टर' म्हणून ओळख करून दिली. काकांनी ड्रिल दाखवलं, बाटली दाखवली, नळीचा कोन सांगितला. लोक सभ्यपणे ऐकत होते. कुणी हललं नाही, कुणी प्रश्न विचारला नाही. मला ती शांतता ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना. काकांच्या कपाळावर घाम आला. आणि मग त्यांनी ड्रिल हातात तसंच धरून म्हटलं, "मी तुम्हाला परका नाही. माझे वडील काय काम करायचे, सांगू?"

इंग्रजीत त्यांनी ती गोष्ट सांगितली, आणि मी आजवर ऐकली त्यात सगळ्यांत सुंदर. गावाबाहेरची वस्ती म्हटल्यावर, महारवाडा म्हणजे काय, हे त्या लोकांना समजावून सांगावं लागलंच नाही. "बस्स," या शब्दापाशी मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन." बैल दारात फुगला तेव्हा बायका हसू लागल्या. "सांगा, सांगा डॉक्टर!" एक म्हातारा काठी टेकत उभा राहिला. आणि "जनावर तुमचं, वासही तुमचाच" म्हटल्यावर टेबलांवरची ताटं वाजली. काका फुलले होते. ते घोटभर पाणी प्याले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवसानंतर आमच्या घरातल्या कुणी त्या सुरीला हात लावला नाही."

"आमेन!" अख्खा हॉल म्हणाला.

मी काकांकडे बघत होते. त्यांनी तो आमेन ऐकला. मग त्यांची नजर खाली, स्वतःच्या हातातल्या ड्रिलवर गेली, आणि तिथून ती वर येईना. टाळ्या चालूच होत्या. इतक्या प्रेमाने माणसाला कोणी कधी उघडं पाडलं नसेल.

पहिल्या टेबलावर जांभळ्या टोपीतल्या मिस अर्लीन बसल्या होत्या. गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, आपण मावशी म्हणतो तसं. टाळ्या थांबल्यावर त्या म्हणाल्या, "फार छान सांगितलंत, डॉक्टर. बरं, आता सांगा, आमच्याकडे काय मागायला आलात?"

काकांनी ड्रिल टेबलावर ठेवलं. "काही नाही," ते म्हणाले. "तुम्हाला भेटायला आलो होतो."

मिस अर्लीननी एक रिकामं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "मग जेवून जा," त्या म्हणाल्या. आणि त्या लोकांनी आमच्या ताटांत इतकं वाढलं की ताटाची कड दिसेना.

परत येताना ड्रिलची पेटी माझ्या मांडीवर होती. मला राहवलं नाही. "काका, पण आपलं टेक्निक वेगळं आहे. आम्ल नाही, मुकादम नाही, पगार नीट..."

"पत्रक, गप्प बस." मग ते म्हणाले, "सुरी नवीन आहे, एवढंच ना? माझ्या बापाकडे कुणी आलं असतं, आता सुरी चांगली निघालीय, वास कमी येतो, तुमच्या हाताला सवय आहे, या परत. आणि आणणारा कोण, तर आपल्यासारखाच एक, शिकून मोठा झालेला." त्यांनी काच खाली केली, पुन्हा वर केली. "पाटील बरा. तो नाक धरून तरी आला होता."

त्यांनी जमीनदाराला नकार कळवला. मोसम गेला, राळ आली नाही, विभाग बंद झाला आणि काका मुदतीआधीच निवृत्त झाले. अंगणातल्या बाटल्या त्यांनी काढून टाकल्या. पुढच्या एप्रिलला जयंतीला ते आले नाहीत. अटलांटाहून फोनवर फोन. "काका, तुमच्याशिवाय प्रोग्राम कॅन्सल केल्यासारखाच आहे!" काकूंनी सगळ्यांना ताप सांगितला. मला मात्र स्वयंपाकघरात म्हणाल्या, "ताप कुठला गं. तोंड दाखवायची लाज वाटते त्यांना. मी म्हटलं, अहो, तुम्ही विचारलं तरी कुठे? तर म्हणतात, तू नको बोलूस."

आमच्या लोकांना लाज ही गोष्ट नवी नाही. ती आमच्यावर बाहेरून लादलेली होती, जन्माबरोबर आलेली, आणि ती फेकून द्यायची, हे मला पत्रकांनी शिकवलं. पण माणसाने स्वतः मिळवलेली लाज असते, तिचं काय करायचं, हे कुठल्या पत्रकात नव्हतं. काकांनी ती फेकली नाही. ते ती घेऊन घरात बसले. मला त्यांचा राग येई, कारण त्यांच्याकडे बघितलं की ड्रिलची पेटी माझ्याच हातात असल्यासारखी वाटे.

मग मिस अर्लीनचा फोन आला. मी तेव्हा तिथेच होते. काका फोन कानाला लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. काकांनी नंतर सांगितलं, त्या म्हणत होत्या, "डॉक्टर, तुम्ही कशासाठी येताय ते पास्टरनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तुम्ही विचारता का, ते मला बघायचं होतं." पुढे त्या म्हणाल्या, की त्यांच्या वडिलांनी छावणीतून सुटल्यावर आयुष्यभर राबून थोडी जमीन घेतली, आणि तिच्यातल्या पाइनला जन्मात कुणाला खाच पाडू दिली नाही. "माझी झाडं आहेत. त्यांचं काय करायचं ते मी ठरवणार. तुमचं ते ड्रिल घेऊन या. पण काम तुम्ही करायचं. मी बघणार."

काका गेले. दर शनिवारी जाऊ लागले. साठीकडे झुकलेला पीएच.डी. माणूस बुंध्याशी गुडघ्यावर बसून भोक पाडतोय आणि मिस अर्लीन छत्रीखाली घडीच्या खुर्चीवर बसून सांगतायत, "ते नको, ते माझ्या डॅडींचं आवडतं झाड. पलीकडचं घ्या. सरळ धरा जरा, डॉक्टर, झाड आहे ते, भिंत नाही." संध्याकाळी त्या मजुरी देत. काकांनी पहिल्यांदा नको म्हटलं, तर त्या कडाडल्या, "आमच्या घराण्यात माणसाला फुकट राबवत नाहीत." काकांनी निमूट घेतली. काकू मला म्हणाल्या, "बघ, ती मालकीण आणि हे गडी. आणि सांगते तुला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले."

राळ फार निघत नव्हती. पण स्वच्छ होती, मधासारखी. व्हायोलिनच्या गजाला लावायचं रोझिन बनवणारा एकजण ती घेऊ लागला. हळूहळू आसपासची, ज्यांची स्वतःची दहा-वीस एकर झाडं होती अशी काळी माणसं ट्रक लावून लांब उभी राहू लागली. हाताची घडी घालून बघत. एकाने विचारलं, "मालक कोण?"

"मी," मिस अर्लीन खुर्चीतून न उठता म्हणाल्या. "आणि हा माझा माणूस. चांगला आहे, पण हळू आहे."

त्या माणसाने जाताना नळीची किंमत विचारली. धंदा परत आला, असं मी म्हणणार नाही. आला तर त्या प्रश्नातून येईल, एवढंच.

मला टेक्ससमध्ये अर्विंगला नोकरी लागली तेव्हा निरोप घ्यायला मी त्या जमिनीवर गेले. मिस अर्लीन लिंबाचं सरबत आणायला घरात गेल्या होत्या. मी काकांना म्हटलं, "मी तुमच्यावर लिहिणार आहे. आपल्या लोकांना कळायला हवं. ऐन वेळी तुम्ही विचारलं नाहीत, हे केवढं मोठं..."

"लिहू नकोस," काका म्हणाले. ते नळी बसवत होते, मान वर केली नाही. "तू मला त्यात मोठं करशील. पत्रकांची सवय तुला."

"काका, पण खरं आहे ते."

"अर्धं खरं." त्यांनी नळी फिरवून घट्ट केली आणि तिच्या टोकाशी राळेचा पहिला थेंब येतोय का, ते बघत राहिले. "लिहायचंच असेल तर मी गेल्यावर लिही. आणि असं लिही, की मी विचारलं नाही ते त्या लोकांच्या आमेनमुळे. विचारायला गेलो होतो, ते माझ्यामुळे."

काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे.